काचेवरची सावली

महाविद्यालयात कोणी ‘घरचा धंदा काय?’ असे विचारले, तर शेती, किराणा, शिक्षकी, एस. टी.तली नोकरी अशी उत्तरे झटपट येतात. माझे उत्तर मात्र नेहमी दोनदा सांगावे लागते. “आम्ही काचांना फिल्म लावतो.” यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो : “फिल्म? म्हणजे सिनेमाची?” मग मी सांगतो, की काचेला आतून चिकटवतात तो पातळ, रंगीत पापुद्रा; तो लावला की ऊन निवते आणि डोळे दिपत नाहीत. विचारणारा ‘अच्छा, काळी काच!’ म्हणतो आणि आवाज किंचित खाली आणून विचारतो, “पण ते तर बंद आहे ना?”

या ‘बंद आहे ना’मध्येच आमच्या घराची गेल्या काही वर्षांची कहाणी आहे. ती लिहिण्याजोगी आहे की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. वार्षिकांकात प्रवासवर्णने येतात, आईवरचे लेख येतात, पहिल्या पावसावरच्या कविता तर येतातच येतात. शिडीवर चढून काच पुसणाऱ्या माणसाचा लेख सहसा येत नाही. म्हणूनच तो लिहावा असे वाटले.

माझे गाव मानोरा तालुक्यात. अकरावीपासून मी वाशिमला मामांकडे राहतो आणि तास संपले की त्यांच्या दुकानात जातो. दुकान म्हणजे मोटारींना सीट कव्हर, पायपुसणी, हॉर्न आणि दिवे बसवून देण्याची दहा बाय पंधराची जागा. या सगळ्यांत चार पैसे सुटणारे काम एकेकाळी एकच होते, ते म्हणजे मोटारीच्या काचांना काळी फिल्म लावणे. दसऱ्याला नवी गाडी घेतली की पूजा होण्याआधी ती मामांच्या दारात उभी राहत असे. गाडीला काळ्या काचा नसल्या तर लग्नातल्या बिनफेट्याच्या नवरदेवासारखे दिसते, असे तेव्हा लोकांचे मत होते.

२७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील शंभराव्या नियमाप्रमाणे मोटारीच्या पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. परंतु ही पारदर्शकता मूळ काचेचीच असावी, तिच्यावर वरून कोणतीही फिल्म चिकटवू नये, मग ती कितीही फिकी असो, असे न्यायालयाने सांगितले आणि ४ मेपासून हा आदेश लागू झाला. काळ्या काचांआड गुन्हे होतात, आत कोण बसले आहे हे पोलिसांना दिसत नाही, हे त्यामागचे कारण. पुढे १ एप्रिल २०२१ पासून या नियमाच्या शब्दांत बदल झाला आणि त्याच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ठरल्या टक्क्यांच्या आतली प्रमाणित फिल्म चालेल, असे म्हटले. तथापि तोवर आमच्या दुकानाचा रस्ता केव्हाच वळलेला होता.

२०१२ साली मी बालवाडीतून नुकताच पहिलीत जाणार होतो. त्या उन्हाळ्यातले मला काही आठवत नाही. मामी मात्र सांगते, की त्या वर्षी मामांनी फिल्म लावली नाही, नुसती काढली. स्वतःच्या हातांनी एकही बुडबुडा न ठेवता बसवलेली फिल्म, त्याच हातांनी कोपऱ्यातून नख लावून ओढायची आणि काचेवर उरलेला डिंक साबणाच्या पाण्याने खरवडायचा. काढण्याची मजुरी म्हणजे चहापाणीच. मामांना मी एकदा विचारले, “तुम्हाला त्या निकालाचा राग नाही आला?” ते म्हणाले, “राग कायचा? आतमंदी कोण बसला हाय हे बाहेरच्याले दिसलं पायजे, हे तं खरंच हाय. पण आमच्या पोटाकडंही कोणी पाह्यलं असतं तं बरं झालं असतं, इतकंच.”

पोटाकडे पाहिले ते एका औषधाच्या दुकानदाराने. मोटारीची फिल्म काढून घ्यायला आला असताना तो सहज म्हणाला, “मोटारीची काढता, तशी माझ्या दुकानाच्या काचेला लावून देता का?” हा कायदा मोटारींचा होता, इमारतींचा नव्हता. मामांच्याकडे रोल पडून होता. दुसऱ्या दिवशी पहाटे ते शिडी घेऊन गेले, आणि आमचा नवा धंदा सुरू झाला.

हे काम मिळण्याचे कारण आपल्या गावाच्या रूपात दडलेले आहे. जुन्या बाजारपेठेतली दुकाने आठवून पाहा. लाकडी फळ्यांची दारे, पुढे ओटा, वर पत्र्याची पडवी. दुकानदार गादीवर आत सावलीत बसे आणि गिऱ्हाईक पडवीच्या सावलीत उभे राही. मग लोखंडी शटर आले. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला. कचेऱ्या वाढल्या, दवाखाने वाढले, नाक्यानाक्यांवर दुमजली संकुले उभी राहिली, आणि प्रत्येक संकुलाला समोरून अॅल्युमिनियमच्या चौकटीतली काच लागली. काच म्हणजे शहर, अशी आपली समजूत. पडवी गेली, ओटा गेला, आणि वाकाटकांच्या काळापासून, गाव वत्सगुल्म म्हणवीत होते तेव्हापासून, या मातीवर तापणारे ऊन पहिल्यांदाच थेट दुकानाच्या गादीवर येऊन बसले.

या उन्हाची गंमत मला भूगोलाच्या तासाला समजली. वाशिम साधारणपणे वीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या चौथ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा दक्षिणेकडच्या काचेला ऊन जवळजवळ लागतच नाही; छताला लागते. खरा त्रास पश्चिमेच्या काचेला. तीन वाजल्यानंतर सूर्य जसजसा कलतो तसतसे ऊन आडवे होते आणि सज्जाखालून सरळ आत शिरते. दक्षिणेची काच तापते ती हिवाळ्यात, जेव्हा कोणाची तक्रार नसते. हे वर्गात ऐकले आणि मी संध्याकाळी मामांना सांगितले. ते हसून म्हणाले, “तुह्या सरायले सांग, मले हे पंधरा वर्षांपासून माहीत हाय. म्हणून तं मी गिऱ्हाईकाले पहिले विचारतो, दुकानाचं तोंड कोनीकडं?” मला मोठी मौज वाटली. सरांनी फळ्यावर गोल काढून जे सिद्ध केले, तेच मामांनी शिडीवर उभे राहून पाठीला लागलेल्या उन्हाने शिकून घेतले होते. दोघांचेही उत्तर एकच आले.

मोटारीच्या काचेवर काम करणाऱ्याला वाटते, की सपाट काच म्हणजे डाव्या हातचा मळ. मोटारीची मागची काच दोन्ही बाजूंनी वळलेली. तिच्यावर फिल्म आधी बाहेरून पसरून हीट गनने शेकून आकाराला आणावी लागते आणि मग आतून लावावी लागते. दुकानाच्या काचेला हे काहीच नाही. साबणाचे पाणी फवारा, फिल्मचा मागचा कागद सोला, काचेवर ठेवा, रबराच्या पट्टीने मधून कडेकडे पाणी काढा. काम संपले. पण खरी गोष्ट याच्या उलट आहे. मोटार दुकानात येते, दुकान मोटारीकडे जात नाही. इमारतीच्या कामात आपणच परक्याच्या जागेत जातो. तिथे रस्त्यावरून एस. टी. गेली की धूळ उडते, आणि ओल्या फिल्मखाली एक कण शिरला तरी तो कायमचा पुळीसारखा दिसतो. म्हणून ही कामे पहाटे पाचला, रस्ता जागा होण्याआधी, पंखा बंद ठेवून करायची. कडेला अर्धा ते एक सूत जागा मोकळी सोडायची, नाहीतर फिल्मचे टोक रबरावर चढते आणि तिथून सुटू लागते. आणि पाणी पूर्ण सुकेपर्यंत काच दुधी दिसते. उन्हाळ्यात आठवडा-दोन आठवडे, पावसाळ्यात महिनासुद्धा. हे आधी सांगितले नाही, तर गिऱ्हाईक तिसऱ्या दिवशी भांडायला येते.

पण सगळ्यांत मोठा फरक काचेच्या जातीत आहे. मोटारीची बाजूची काच तापवून एकदम थंड केलेली, म्हणजे टफन्ड असते आणि पुढची दोन थरांच्या मध्ये पारदर्शक प्लॅस्टिक घालून केलेली असते. दुकानाची काच बहुधा साधी असते. साध्या काचेवर गडद, ऊन शोषणारी फिल्म लावली, की काचेचा मधला भाग तापतो, पण चौकटीत दडलेली कड थंडच राहते. तापलेला भाग पसरू पाहतो, थंड कड त्याला धरून ठेवते, आणि या ओढाताणीत कडेवर कुठे आधीच टवका उडालेला असला, तर तिथून तडा जातो. वर दुकानाच्या पाटीची सावली अर्ध्या काचेवर आणि अर्ध्यावर ऊन असे असेल, तर धोका आणखी वाढतो. जुन्या जिन्याजवळ आत तारेची जाळी असलेली काच असते, तिला तर हातच लावायचा नाही. हा तडा फिल्म लावताना जात नाही. तो चार दिवसांनी, भर दुपारी, कोणी जवळ नसताना जातो. आणि भरपाई मात्र ज्याने फिल्म लावली त्याच्याकडूनच मागतात.

म्हणून मामा काम घेण्यापूर्वी काचेच्या कोपऱ्यात टफन्डचा छाप शोधतात, कडेवरून बोट फिरवतात, सावली कुठवर येते ते पाहतात आणि पुष्कळदा ‘नाही’ म्हणतात. मोठ्या दर्शनी काचेचे चांगले मोठे काम त्यांनी असे माझ्यासमोर सोडले आहे. मालक म्हणाला, “अहो, काळीकुट्ट लावा, मी जबाबदारी घेतो.” मामा म्हणाले, “भाऊ, आज तुम्ही घेता. तडा गेल्यावर तुमचे बंधू घेतीन का? फिकी लावतो, नाहीतर राहू द्या.” ते राहूनच गेले. त्या महिन्यात घरात पैशांची चणचण होती हे मला ठाऊक होते. परत येताना स्कूटरवर मागे शिडी धरून बसलेला मी काही बोललो नाही, आणि तेही काही बोलले नाहीत.

लहान कामात हिशेबही सोपा नसतो. फिल्मचा रोल पाच फूट रुंदीचा. सहा बाय चारची काच आली, तर फिल्म कापावी लागते सहा बाय पाच; म्हणजे खर्च तीस चौरस फुटांचा आणि पैसे मिळतात चोवीसचे. उरलेली एक फुटाची पट्टी एखाद्या झरोक्याला कामी येईल म्हणून गुंडाळून ठेवायची. त्यात रिसोड किंवा कारंजाला जायचे असेल, तर पेट्रोल आणि अर्धा दिवस वेगळा. नागपूर-पुण्याच्या मोठ्या ठेकेदाराला अशा चोवीस फुटांसाठी वाशिमला येणे परवडत नाही. ते परवडत नाही म्हणूनच हे काम आमच्या वाट्याला येते. त्यामुळे लहान कामाला मी कधी नाक मुरडत नाही; आमचे घर या न परवडणाऱ्या कामांवरच चालते.

आता दोन-तीन कामांविषयी सांगतो, कारण या धंद्यात खरोखर काय विकले जाते ते मला त्यांतून उमगले.

एका ताईंचे ब्युटी पार्लर आहे, रस्त्याला लागून. त्यांना आरशासारखी चमकणारी फिल्म हवी होती. बाहेरच्याला आतले दिसू नये आणि आतून मात्र रस्ता दिसावा, ही त्यांची अट. कोणी विक्रेत्याने त्यांना फोनवर सांगितले होते, की ही फिल्म लावली की दिवसरात्र काळजी नको. माप घेऊन मी मामांना सांगितले. ते म्हणाले, “आज काम करू नोको. दिवेलागणीले नमुना घेऊन जा.” मी गेलो. फूटभर तुकडा पाण्याने दाराच्या काचेला चिकटवला. आत दिवा लागला होता, ताईंची मुलगी आत खुर्चीवर बसली होती. मी ताईंना रस्त्यावर उभे राहून त्या तुकड्यातून पाहायला सांगितले. बाहेर अंधार, आत उजेड. मुलगी तिच्या हातातल्या बांगडीसकट स्पष्ट दिसत होती. ही फिल्म ज्या बाजूला उजेड जास्त त्या बाजूला आरसा होते. दिवसा उजेड बाहेर असतो, रात्री तो आत असतो, एवढीच साधी गोष्ट. ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माझ्याकडं बाया विश्वासानं येतात रे.” शेवटी आम्ही खालपासून सहा फूट दुधी फिल्म लावली आणि आतून पडदा ठेवायला सांगितले. दुधी फिल्म स्वस्त. आमचा फायदा कमी झाला. परंतु त्या संध्याकाळी तो तुकडा लावून पाहिला नसता, तर कितीतरी आयाबहिणी निर्धास्त मनाने उजेडात बसल्या असत्या आणि रस्ता त्यांना पाहत राहिला असता. मोटारीच्या काळ्या काचेआड कोण आहे हे दिसावे म्हणून न्यायालयाने आमचे काम थांबवले. इथे दिसू नये म्हणून आमचे काम हवे होते. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता – कोणाला कोण दिसते आहे?

दुसरे काम एका कृषी सेवा केंद्राचे. पश्चिमेची मोठी काच आणि तिच्या आत सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशव्यांची थप्पी. सोयाबीनचे बी मुळातच नाजूक. त्याची किमान उगवणशक्ती ७० टक्के असावी लागते आणि उष्णतेने ती घटते. दुकानदाराला फिल्म हवी होती. मामांनी आत-बाहेर पाहिले आणि म्हणाले, “पहिले ही थप्पी तिकडल्या भिंतीले लावा. त्याले पैसे लागत नाहीत. मंग गिऱ्हाईकायच्या डोळ्यावर ऊन येते, तेवढ्यापुरती फिल्म लावू.” काम निम्मे झाले. मी म्हणालो, “मामा, पूर्ण काच मिळत होती.” ते म्हणाले, “त्याच्या दुकानातलं बी आपल्याच गावात पेरतेत ना बाबू?” माझ्या वडिलांच्या तीन एकरांत काय पेरतात हे त्यांना माहीत होते.

फिल्म ऊन कमी करते, पण बंद करत नाही. औषधांवर ‘३० अंशांखाली ठेवा’ असे छापलेले असते. नुसत्या फिल्मने मे महिन्यात खोली तीस अंशांवर येत नाही, त्याला पंखा-कूलर किंवा एसी लागतोच. कापडाचा रंग विटणे लांबते, थांबत नाही, कारण अतिनील किरण अडले तरी उजेड आत येतोच. हे सगळे गिऱ्हाईकाला आधी सांगावे की नंतर, यावरच हा धंदा दोन जातींत विभागला जातो. आधी सांगणाऱ्याची कामे कमी असतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण त्याला दोन वर्षांनी त्याच रस्त्यावरून मान वर करून जाता येते, हेही पाहिले आहे.

तिसरे काम एका अभ्यासिकेचे. तिथे आपल्याच महाविद्यालयातून बाहेर पडलेली मुले स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. पश्चिमेची खिडकी, दुपारी वही पांढरीफेक दिसते. चालकाला गडद फिल्म हवी होती. मामांनी फिकी सुचवली; गडद लावली तर दिवसाही दिवे जाळावे लागतील, आणि पावसाळ्यात खोलीत उदास वाटेल. फिल्म लावताना मला ओळखीचे चेहरे दिसत होते. एक मित्र तिसऱ्यांदा परीक्षेला बसत होता. त्याने शिडी धरली आणि हळूच विचारले, “बी. ए. झाल्यावर तू काय करणार? इथं येऊन बसणार, की पुण्याला?”

हा प्रश्न घरीही रोज उभा असतो. आईला वाटते मी पुण्याला जावे. शिकलेल्या मुलाने शिडीवर चढू नये. मामा काही म्हणत नाहीत. फक्त गेल्या दिवाळीत त्यांनी मापांची वही माझ्याकडे दिली आणि म्हणाले, “मोटारीचं मी पाहतो. लहान कामं तुले.” त्यांचे गुडघे आता शिडीला साथ देत नाहीत, हे ते बोलले नाहीत, पण वहीत शेवटच्या तीन मापांचे अक्षर थरथरते आहे.

वर्गात आम्ही मराठी आणि अर्थशास्त्र शिकलो, भूगोल शिकलो. त्यातले शिडीवर उपयोगी काय, असे मित्र विचारतात. सूर्याचा कल उपयोगी पडला, चौरस फुटांचा हिशेब उपयोगी पडला. पण अधिक उपयोगी पडली ती एक सवय : बोललेल्या शब्दाचा नेमका अर्थ काय, हे विचारण्याची. ‘दिवसरात्र दिसत नाही’, ‘खोली थंड होईल’, ‘मी जबाबदारी घेतो’ ही वाक्ये ऐकली, की सरांनी एखाद्या ओळीवर थांबून ‘म्हणजे काय?’ असे विचारावे तसे मनात येते. मामा चौथीपर्यंतच शिकले. त्यांना हा प्रश्न विचारायला कोणी शिकवले नाही. मला मात्र शिकवले आहे, आणि तो विचारायची जागा पुण्यातच आहे असे मला वाटत नाही.

निकाल लागेल तेव्हा लागेल. सध्या वहीत चार मापे आहेत. मालेगावच्या एका रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेचे दार, शिवणकाम करणाऱ्या एका काकांची खिडकी, मंगरुळपीरला जिन्यावरचे दोन झरोके, आणि एका दवाखान्यात लहान मुलांच्या खोलीची पश्चिमेची काच. झरोक्यांना शिलकीतली पट्टी पुरेल. दवाखान्याचे काम मी पहिले धरले आहे, कारण तिथल्या खाटा खिडकीलगतच आहेत आणि एप्रिल आता फार दूर नाही.